चार्जिंगचे सेल वर्षभरात का बसतात?

प्रश्न : आमच्या घरी टीव्हीचा आणि सेट-टॉप बॉक्सचा रिमोट, नातीची खेळणी, कॉम्प्युटरचा माउस आणि माझं रक्तदाब मोजायचं यंत्र, या सगळ्यांना मिळून सेल बरेच लागतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी चार्जिंगचे चार पेन्सिल सेल आणि त्यांच्यासोबत मिळणारा चार्जर असा संच आणला. पहिलं वर्ष उत्तम गेलं. आता रात्रभर चार्ज करून सकाळी घातले तरी खेळण्यातली गाडी दहा मिनिटांत थांबते. एम. जी. रोडवर चौकशी केली, तर ‘स्मार्ट चार्जर घ्या’ असा सल्ला मिळाला. सेलच बिघडले असतील तर चार्जर बदलून काय साधणार? आणि हा स्मार्ट चार्जर नेमकं करतो तरी काय?
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : आधी थोडक्यात सांगतो. तुमचे चारही सेल गेलेले नसावेत. एखाददुसरा गेला असेल आणि तो बाकीच्यांनाही कामातून उठवत असेल. तो कोणता, हे तुमच्या सध्याच्या चार्जरला ओळखता येत नाही. शिवाय तो सेल बहुधा चार्जरमध्येच बसला. त्यामुळे नवे सेल आणण्याआधी चार्जर बदला, हा सल्ला योग्य आहे.

आता कारण पाहू. दुकानात मिळणारे चार्जिंगचे पेन्सिल सेल बहुतेक निकेल-मेटल हायड्राइड जातीचे असतात. सेलवर ‘एनआय-एमएच’ असं छापलेलं दिसेल. त्याच्या धन बाजूला निकेलचं संयुग असतं आणि ऋण बाजूला हायड्रोजन साठवून ठेवणारा मिश्रधातू. चार्ज करताना हायड्रोजन त्या धातूत शिरतो, वापरताना बाहेर पडतो. सेल रिकामा असताना दिलेली वीज जवळजवळ सगळी याच कामी लागते, त्यामुळे तो थंड राहतो. भरत आला की मात्र निकेलच्या बाजूला आणखी साठवायला काही उरत नाही. येणारी वीज मग आतल्या द्रवातलं पाणी फोडू लागते. ऑक्सिजन तयार होतो, पलीकडच्या बाजूला जाऊन त्याचं पुन्हा पाणी होतं, आणि या फेऱ्यात सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. भरलेला सेल चार्जरमध्ये हाताला गरम लागतो तो यामुळे.

ही उष्णता सेलचं आयुष्य खाते. आतला द्रव आटत जातो. दाब फार वाढला तर टोपणाखालची सुरक्षा-झडप उघडते, वायू बाहेर निघून जातो, आणि गेलेलं पाणी परत येत नाही. द्रव कमी झाला की सेलचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणजे वीज बाहेर सोडायला तो अडखळू लागतो. असा सेल रिमोटमध्ये बिनतक्रार चालतो, कारण रिमोटला वीज किरकोळ लागते. मोटर असलेल्या खेळण्याने एकदम जोराची वीज मागितली की त्याचं व्होल्टेज कोसळतं. तुमच्याकडची गाडी याच कारणाने थांबत असावी.

संचात मिळणारे साधे चार्जर दोन प्रकारचे असतात. पहिल्याला थांबणं ठाऊकच नसतं. प्लग काढेपर्यंत तो वीज देत राहतो. गच्चीवरची टाकी भरून वाहत असतानाही पंप बंद करायला कुणी नसावं, तसं. दुसऱ्यात टायमर असतो. तो ठरलेले तास पुरे झाले की थांबतो. पण सेल पूर्ण रिकामा होता की निम्मा भरलेला, याचा त्याला पत्ता नसतो. निम्म्या भरलेल्या सेललाही तो पूर्ण तासांचा डोस देतो. मध्येच लाइट गेली आणि परत आली, तर बऱ्याच चार्जरचा टायमर पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो. महावितरणच्या देखभालीच्या दिवशी दोनदा वीज गेली, तर सेलवर किती जादा मारा होत असेल, याचा अंदाज करा.

त्यात आणखी एक खोट. बरेच साधे चार्जर सेल जोडीने चार्ज करतात. दोन सेल एकामागोमाग एकाच तारेत असतात आणि दोघांना सारखीच वीज मिळते. जोडीतला एक निम्मा भरलेला आणि एक रिकामा असेल, तर रिकामा भरेपर्यंत दुसरा तापत बसतो. पुढच्या वेळी फरक वाढतो, त्यापुढच्या वेळी आणखी. वर्षभरात एका सेलचा बळी जातो आणि आपण म्हणतो, चारही सेल खराब निघाले.

स्मार्ट चार्जर प्रत्येक खणावर वेगळं लक्ष ठेवतो आणि सेल भरल्याची खूण ओळखतो. निकेलच्या सेलला अशी एक बारीक खूण असते. चार्जिंग चालू असताना सेलचं व्होल्टेज चढत जातं. बराच वेळ ते १.४० च्या आसपास रेंगाळतं, शेवटी १.४५ ते १.५० च्या दरम्यान पोचतं, तिथे थोडं थबकतं आणि मग किंचित घसरतं. ही घसरण एका सेलमागे अवघी ५ ते १० मिलिव्होल्ट, म्हणजे फार तर एका व्होल्टचा शंभरावा भाग. भरलेला सेल तापू लागला की व्होल्टेज उतरतं, म्हणून हे होतं. चार्जरमधली चिप ती घसरण टिपते आणि तेवढ्या एका खणाचा पुरवठा तोडते. शेजारचे खण चालू राहतात.

आकडे दाखवणारा चार्जर आणलात तर शेवटची पंधरा-वीस मिनिटं त्याच्यासमोर बसून पाहा. पडद्यावर १.४४, १.४५, १.४६ असा आकडा एकेक पायरी चढतो. १.४८ ला अडतो. बोट लावलं तर सेल मघापेक्षा उबदार लागतो. मग १.४७ दिसतं आणि थोड्याच वेळात ‘फुल’ ही अक्षरं येतात. शेजारच्या खणात जो सेल आधीच निम्मा भरलेला होता, तो केव्हाच थांबलेला असतो. तुमचा बसलेला सेल मात्र वेगळा वागेल. घातल्या घातल्या त्याचं व्होल्टेज १.६ च्याही वर उडी मारेल आणि चार्जर ‘एरर’ किंवा ‘नल’ असं दाखवून त्याला नाकारेल. अंतर्गत रोध वाढल्याचं हे लक्षण आहे. तो सेल बाजूला काढा. उरलेल्यांवर तुमचं खेळणं पुन्हा नीट चालण्याची शक्यता बरीच आहे.

एक काळजी आपल्या हवेची. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी नाशिकचा पारा चाळिशीला भिडतो. निकेलचे सेल साधारण १० ते ३० अंशांत उत्तम चार्ज होतात. ४५ अंशांपलीकडे ते चार्ज नीट घेत नाहीत आणि भरल्याची खूणही पुसट होते. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग रात्री किंवा पहाटे करा. चार्जर सेट-टॉप बॉक्सवर किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, त्यावर कापड टाकू नका. शेवटी शेवटी सेल कोमट लागला तर हरकत नाही. हातात धरवेनासा झाला तर काढून घ्या.


प्रश्न : दुकानात पाचशे रुपयांपासून तीन हजारांपर्यंतचे चार्जर दिसतात आणि सगळ्यांवर ‘स्मार्ट’ लिहिलेलं असतं. घेताना काय पाहावं? चार्ज, डिस्चार्ज, टेस्ट, रिफ्रेश अशी बटणं असतात, ती केव्हा वापरायची? आणि हा सगळा खर्च वसूल होतो का?
(एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : खोक्यावरच्या ‘स्मार्ट’ या शब्दावर जाऊ नका. तीन गोष्टी पाहा. पहिली, प्रत्येक खणाला स्वतंत्र दिवा किंवा स्वतंत्र आकडा आहे का. एकच सेल घालून चार्जिंग सुरू होत असेल तर खण स्वतंत्र आहेत असं समजा. ‘दोन किंवा चार सेलच घाला’ अशी सूचना असेल तर तो जोडीने चार्ज करणारा आहे. दुसरी, माहितीपत्रकात ‘मायनस डेल्टा व्ही’, म्हणजे वर सांगितलेली व्होल्टेजची घसरण, किंवा व्होल्टेजवरून आपोआप थांबण्याचा स्पष्ट उल्लेख आहे का. तिसरी, तापमानावर लक्ष आणि वेळेची कमाल मर्यादा, हे दोन राखीव बंदोबस्त आहेत का. एखाद्या जुन्या सेलची घसरण चिपच्या नजरेतून सुटली तर हेच दोन उपयोगी पडतात.

करंट निवडायची सोय असेल तर अगदी हळू चार्ज करण्याचा मोह टाळा. हळू म्हणजे सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. पण फार कमी करंटला व्होल्टेजची ती घसरण जवळजवळ दिसेनाशी होते आणि चार्जर थांबायचं चुकवू शकतो. पेन्सिल सेलला, म्हणजे डबल एला, ७०० ते १००० मिलिअँपिअर आणि रिमोटच्या बारीक ट्रिपल ए सेलला ३०० ते ५०० हा चांगला मध्य आहे. २००० एमएएचचा, म्हणजे २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा सेल १००० वर साधारण सव्वादोन तासांत भरतो, ५०० वर साडेचार-पाच तासांत.

आता बटणं. रोजच्या वापरात ‘चार्ज’ एवढंच लागतं. ‘टेस्ट’ हे सगळ्यात मोलाचं. त्यात चार्जर सेल पूर्ण भरतो, मग पूर्ण रिकामा करत किती वीज निघाली ते मोजतो आणि पुन्हा भरून ठेवतो. करंट कमी ठेवला तर याला अख्खा दिवसही लागू शकतो. २००० छापलेल्या सेलने १८५० दाखवले तर तो छान आहे. १६०० च्या खाली उतरला तर त्याला खेळण्यातून काढून रिमोटमध्ये टाका. १२०० च्याही खाली गेला, म्हणजे छापील क्षमतेच्या ६० टक्क्यांहून कमी भरला, तर त्याची रजा झाली असं समजा. वर्षातून एकदा ही तपासणी पुरे. ‘रिफ्रेश’ म्हणजे भरणं-रिकामं करणं हे काही वेळा लागोपाठ. सेल बरेच महिने कपाटात पडून आळसावले असतील तर ते करा. चांगल्या सेलला दर महिन्याला रिफ्रेश करत राहिलात, तर त्याच्या आयुष्यातल्या फेऱ्या उगाच खर्ची पडतात.

या तपासणीवरून सेलच्या जोड्या लावा. ज्यांचे आकडे जवळपास आहेत ते एका यंत्रात, नेहमी एकत्र. मार्करने त्यांच्यावर क, ख अशी अक्षरं लिहा. चारांच्या संचात एक दुबळा असला की तो आधी संपतो, आणि बाकीचे तिघे त्याच्यातून वीज ढकलत राहतात. त्याची धन-ऋण बाजू उलटी होते आणि सेल कायमचा जातो.

सेल घेतानाही एक पारख करता येते. आजच्या तंत्राने डबल ए निकेल सेलची क्षमता २७००-२८०० एमएएचच्या फारशी पलीकडे जात नाही, आणि ट्रिपल एची हजार-अकराशेच्या. डबल एवर ३६०० किंवा ४८०० छापलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सेल ठेवा. चांगला डबल ए २६ ते ३१ ग्रॅम भरतो. १८-२० ग्रॅमवर काटा थांबला, तर आत माल कमी आहे.

शक्यतो कमी क्षमतेचे पण चार्ज टिकवून धरणारे सेल घ्या. पूर्वीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते ठेवले तरी महिन्या-दोन महिन्यांत बरेचसे उतरत. जपानच्या सान्यो कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये ‘एनेलूप’ बाजारात आणले आणि हे चित्र बदललं; असे सेल वर्षभरानंतरही बहुतांश चार्ज राखून असतात. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली. आज इतरही कंपन्या या जातीचे सेल विकतात. खोक्यावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ असेल तर तो बहुधा याच जातीचा. २००० एमएएचच्या आसपासचे असे सेल २५०० वाल्यांपेक्षा जास्त फेऱ्या टिकतात. एनेलूपच्याच बाबतीत कंपनी साध्या सेलला २१०० फेऱ्या सांगते आणि मोठ्या क्षमतेच्या ‘प्रो’ला ५००. घरच्या वापरात एवढ्या फेऱ्या पुऱ्या होण्याआधी वयानेच सेल थकतो, पण दोन जातींमधला फरक त्यातून कळतो.

आता हिशोब. चार सेल, प्रत्येकी २००० एमएएच, १.२ व्होल्ट, म्हणजे मिळून ९.६ वॅट-तास. चार्जरमध्ये आणि सेलमध्ये जाणारी वीज धरून हे दुप्पट करा, तरी २० वॅट-तास, म्हणजे एका युनिटचा पन्नासावा भाग. युनिटला दहा रुपये धरले तर चार सेल भरायला वीस पैसे. विजेचा खर्च सोडूनच द्या. खरेदीचं मात्र नीट मोजा. धरून चला की आठ सेल प्रत्येकी २०० रुपयांचे आणि चार्जर १५०० चा, एकूण ३१००. घरात वर्षाला वीस रुपयांचे ६० सेल लागत असतील, म्हणजे १२०० रुपये, तर अडीच वर्षांत पैसे वसूल होतात आणि पुढची वर्षं फायद्याची. वर्षाला आठ-दहाच सेल लागत असतील, तर पैशांच्या हिशोबाने यात पडू नका.


प्रश्न : मी गेली अनेक वर्षं चार्जिंगचे सेल पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करत नाही. टॉर्चमध्ये घालून दिवा विझेपर्यंत ठेवतो, मगच लावतो. नाहीतर सेलला ‘मेमरी’ लागते असं ऐकलं आहे. नव्या सेललाही हे करावं का?
(एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : करू नका. तुमची सवय ज्या सेलसाठी पडली ते निकेल-कॅडमियमचे होते. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये ती बॅटरी शोधली आणि पुढे बराच काळ चार्जिंगची छोटी उपकरणं तिच्यावर चालली. उपग्रहांमधल्या अशा बॅटऱ्या दर प्रदक्षिणेत नेमक्या तेवढ्याच उतरत आणि पुन्हा भरल्या जात. काही काळाने त्या त्याच टप्प्यावर व्होल्टेज सोडून देऊ लागल्या. मेमरीची कल्पना मुख्यतः तिथून आली. घरच्या वापरात सेल कधी थोडे उतरतात, कधी जास्त. इतकी नेमकी पुनरावृत्ती होत नाही.

१९९० च्या आसपास निकेल-मेटल हायड्राइड सेल बाजारात आले आणि त्यांनी विषारी कॅडमियमची जागा घेतली. यांच्यात हा दोष फारच कमी आहे. जाणवलाच तर एक-दोन रिफ्रेशमध्ये जातो. उलट टॉर्च विझेपर्यंत सेल उतरवण्याने नुकसान होतं. सेलचं व्होल्टेज ०.९ ते १.० च्या खाली नेऊ नये. टॉर्चमध्ये दोन-तीन सेल एकत्र असतात. शेवटच्या मंद उजेडात त्यातला दुबळा सेल उलटा होत असतो. उजेड कमी झाला की काढा आणि चार्जिंगला लावा. निम्मा भरलेला सेल लावला तरी चालतं, स्मार्ट चार्जर तो वेळेत थांबवतोच.

तुमच्यासारख्यांना नव्या चार्जरकडून एक अनुभव येऊ शकतो. अगदी तळाला गेलेला सेल घातला तर चार्जर त्याला नाकारतो, कारण इतक्या कमी व्होल्टेजला खणात सेल आहे की नाही हेच चार्जरला कळत नाही. असा सेल लगेच फेकू नका. तो निकेल-मेटल हायड्राइडच आहे याची खात्री करून घ्या. मग जुन्या साध्या चार्जरवर, समोर बसून, दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि स्मार्ट चार्जरमध्ये पुन्हा घाला. बरेचदा तो मान्य होतो. मग ‘टेस्ट’ लावून त्याची खरी अवस्था पाहा.


प्रश्न : गॅस गीझर, भिंतीवरचं घड्याळ, ट्रेकची हेडटॉर्च, सगळीकडे चार्जिंगचे सेल वापरता येतील का? आणि हल्ली यूएसबी वायरने थेट चार्ज होणारे लिथियमचे पेन्सिल सेल मिळतात, ते जास्त चांगले का?
(एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : सरसकट नको. जिथे वीज जास्त लागते आणि सेल वारंवार संपतात तिथे चार्जिंगचे सेल शोभतात: खेळणी, माउस, कॅमेऱ्याचा फ्लॅश, वायरलेस माइक, रक्तदाबाचं यंत्र, हेडटॉर्च. जिथे सेल वर्ष-वर्ष चालतो तिथे साधा सेल बरा. भिंतीवरच्या घड्याळाला नेहमीचा झिंक-कार्बन सेल वर्षभर पुरतो. महागडा चार्जिंगचा सेल तिथे अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

गॅस गीझरचा प्रश्न बऱ्याच घरांतला आहे. त्यात दोन जाडे सेल लागतात आणि ठिणगीसाठी ते मिळून ३ व्होल्ट देतील असं गृहीत धरलेलं असतं. निकेलचे दोन सेल २.४ व्होल्टच देतात. काही गीझर तेवढ्यावर पेटतात, काही नुसती टिकटिक करतात. शिवाय चार्जिंगचे म्हणून मिळणारे बरेच जाडे सेल आतून पेन्सिल सेलच असतात, वर मोठं कवच. हातात घेतले की हलके लागतात. गीझरला चांगले अल्कलाइन जाडे सेल घाला आणि महिनोन्‌महिने वापर नसेल तर काढून ठेवा, म्हणजे ते पाझरून कप्पा खराब होणार नाही.

हेडटॉर्चमध्ये एक फरक ध्यानात ठेवा. अल्कलाइन सेलचं व्होल्टेज १.५ पासून हळूहळू उतरत जातं, त्यामुळे उजेड मंद होत होत इशारा देतो. निकेलचा सेल १.२ वर बराच वेळ टिकून राहतो आणि शेवटी झटक्यात बसतो. साल्हेर किंवा हरिहरचा किल्ला पहाटे अंधारात चढणार असाल, तर आदल्या रात्री भरलेला दुसरा संच सॅकमध्ये हवाच.

यूएसबीवाल्या सेलच्या आत ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम-आयन सेल असतो आणि त्याच्या डोक्याशी व्होल्टेज उतरवून नेमकं १.५ करणारं सर्किट. त्यामुळे १.२ व्होल्टवर रुसणारी यंत्रं त्यावर चालतात. ते शेवटपर्यंत १.५ देतात आणि मग एकदम बंद. खोक्यावरचा आकडा मात्र नीट वाचा. तो बरेचदा एमएएच नसून एमडब्ल्यूएच, म्हणजे मिलिवॅट-तास असतो. ३००० एमडब्ल्यूएचला १.५ ने भागलं की २००० एमएएच उरतात. रेडिओजवळ काही सेलच्या सर्किटची खरखर ऐकू येते.

इथे मला कळकळीने एक सांगायचं आहे. वेगवेगळ्या जातीचे सेल आकाराने सारखे दिसतात आणि कुठल्याही खणात बसतात. यूएसबीचा लिथियम सेल निकेलच्या चार्जरमध्ये घालू नका. साधा किंवा अल्कलाइन सेल कोणत्याही चार्जरमध्ये घालू नका. त्यातलं दाहक रसायन बाहेर येऊ शकतं. ‘१४५००’ असा आकडा असलेला सेल दिसायला पेन्सिल सेलसारखा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा आहे. खेळण्यात तो घातला तर खेळणं जळू शकतं. निकेलच्या चार्जरमध्ये घातला तर सेलला आग लागू शकते. घरात लहान मुलं असतील तर चार्जिंगचे सेल वेगळ्या डबीत, जातीप्रमाणे ठेवा.


प्रश्न : बसलेले सेल टाकायचे कुठे? घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकले तर चालतात का?
(एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : सुक्या कचऱ्यात नको, आणि ओल्यात तर अजिबातच नको. नाशिकचा कचरा पाथर्डीच्या खत प्रकल्पावर जातो. ओल्या कचऱ्यात सेल गेला आणि वेचला गेला नाही, तर त्यातले धातू खतात आणि खतातून शेतात जायला वाट मिळते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले सेल ‘घरगुती घातक कचरा’ या वर्गात घातले होते, ट्यूबलाइट आणि मुदत संपलेल्या औषधांच्या पंगतीत. ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले. २००१ चे जुने नियम फक्त शिसं-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते. नव्यांनी रिमोटमधल्या सेलपर्यंत सगळ्या बॅटऱ्या कवेत घेतल्या. परत गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली, आणि घरातल्या कचऱ्यापासून सेल वेगळा ठेवून योग्य हाती देण्याची आपल्यावर. सेलवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, त्याचा अर्थ हाच.

प्रत्यक्षात असं करा. एका प्लास्टिकच्या बरणीत बसलेले सेल जमा करा. लिथियमच्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे एकमेकांना लागून ठिणगी पडणार नाही. एका घरातून वर्षाला मूठभरच निघतात, त्यामुळे सोसायटीने मिळून एक डबा ठेवला तर तो द्यायला सोपा जातो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थांची यादी प्रसिद्ध करतं. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्येच आहे. घंटागाडीवर द्यायचेच झाले तर वेगळ्या पुडक्यात, ‘सेल’ असं लिहून, कर्मचाऱ्याच्या हातात द्या.

निकेलच्या सेलमध्ये निकेल, कोबाल्ट आणि लॅन्थॅनमसारखी दुर्मिळ मूलद्रव्यं असतात. ती खाणीतून काढायला डोंगर फोडावा लागतो. सेल पाच-सात वर्षं चालला तर तो कित्येक साध्या सेलचा कचरा वाचवतो. वर्षभरात चार्जरने त्याला मारलं, तर आपण पैसे आणि ते धातू दोन्ही वाया घालवले. म्हणून या अंकातल्या सगळ्या वाचकांना माझं एकच सांगणं: पैसे थोडेच असतील तर आधी चांगला चार्जर घ्या, सेल नंतर. आणि तो घरी आला की नवे सेल आणायला निघण्याआधी कपाटात पडलेले जुने चार्जिंगचे सेल एकेक करून तपासा. ज्यांना तुम्ही मेलेलं समजत होता, त्यांतले काही अजून कामाचे निघतील.